व्होल्टेज आणि करंट मोजून रेझिस्टन्स व वॉट कसे काढावेत: इस्त्रीपासून कुळागरातील पंपापर्यंत

गोव्यातील फोंडा तालुक्यात आमच्या एका नातेवाइकांच्या कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, ऐन एप्रिलमध्ये विहिरीवरचा पंप सुरू होईनासा झाला. बटण दाबले की मोटर नुसती घुमायची, पंखा फिरायचा नाही आणि पाच-सहा सेकंदांत एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा बोर्डावरचा स्विच) पडायचा. कॅपॅसिटर दोनदा बदलून झाला, मोटर सोडवून वाइंडिंगही, म्हणजे आतल्या तारेचे वेढेही, तपासून आणले. त्यात काही दोष नव्हता. पाहणारा प्रत्येकजण ‘व्होल्टेज कमी आहे’ एवढेच सांगे, पण घरातील मेन बोर्डावर मीटर लावला की २१८ व्होल्ट स्वच्छ दिसत. पोफळींना पाणी मिळेना आणि दोष सापडेना, असे दहा-बारा दिवस गेले. शेवटी तो सापडला तो एका वजाबाकीने आणि एका भागाकाराने, म्हणजे आठवी-नववीच्या गणिताने. हे गणित नेमके कसे करायचे आणि त्यात घालायचे आकडे नेमके कुठून घ्यायचे, हे या लेखात टप्प्याटप्प्याने मांडले आहे. सूत्र बहुतेकांना पाठ असते. चूक होते ती आकडे घेताना.

शब्द, एकके आणि दोन सूत्रे

शाळेच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा, रोध आणि विद्युतशक्ती हे शब्द येतात. वायरमन व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स आणि पॉवर म्हणतो. येथे वायरमनचीच शब्दावली वापरली आहे, कारण मीटरवर आणि उपकरणांच्या पट्टीवर तीच असते. व्होल्टेज व्होल्टमध्ये, करंट अँपिअरमध्ये, रेझिस्टन्स ओहममध्ये आणि पॉवर वॉटमध्ये मोजतात. मीटरने करंट मिलिअँपिअरमध्ये दाखवला असेल तर त्याला १००० ने भागून मगच तो सूत्रात घालावा. हा भागाकार राहून गेला की उत्तर हजारपटीने चुकते आणि तरीही कागदावर ते नीटनेटकेच दिसते.

मूळ सूत्रे दोनच आहेत:

रेझिस्टन्स = व्होल्टेज ÷ करंट
पॉवर = व्होल्टेज × करंट

पहिल्या सूत्रातला संबंध जर्मनीतील कोलोन शहरात शाळेत शिकवणाऱ्या गेऑर्ग ओहम यांनी प्रयोगांतून शोधला आणि १८२७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्या काळच्या बॅटऱ्यांचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत असे, त्यामुळे त्यांना आकडे जुळवता येईनात. दोन धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवून मिळणारा अगदी स्थिर, पण क्षीण दाब वापरल्यावरच ते जुळले. दाब हलता असेल तर मोजणी फसते, ही अडचण आपल्यालाही पुढे भेटणार आहे.

ही दोन सूत्रे एकमेकांत घातली की आणखी दोन मिळतात:

पॉवर = करंट × करंट × रेझिस्टन्स
पॉवर = व्होल्टेज × व्होल्टेज ÷ रेझिस्टन्स

येथे अनेक विद्यार्थी अडखळतात, आणि ते अडखळणे रास्त आहे. पहिले रूप सांगते की रेझिस्टन्स वाढला की उष्णता वाढते. दुसरे सांगते की रेझिस्टन्स वाढला की उष्णता घटते. दोन्ही खरे आहे. प्रश्न असा विचारावा की रेझिस्टन्स बदलला तरी कोणती गोष्ट जवळपास तशीच राहते. इस्त्री किंवा गीझर थेट सप्लायवर असतो, त्याला मिळणारे व्होल्टेज सप्लाय ठरवतो, म्हणून तिथे व्होल्टेजचे सूत्र वापरावे: जास्त वॉटच्या गीझरच्या कॉइलचा रेझिस्टन्स कमी असतो तो यामुळेच. वायर, जॉइंट, प्लगची पिन, स्विचचा संपर्क या गोष्टी मात्र उपकरणाच्या वाटेवर असतात. त्यांतून जाणारा करंट पलीकडचे उपकरण ठरवते, म्हणून तिथे करंटचे सूत्र लागू होते आणि रेझिस्टन्स वाढला की ती जागा तापते.

मोजणी: मीटर कुठे आणि कसा लावायचा

व्होल्टेज नेहमी दोन बिंदूंमध्ये असते, करंट एका तारेतून जातो. या एका वाक्यात मीटर जोडण्याची सगळी रीत आली. ज्या वस्तूचा रेझिस्टन्स किंवा पॉवर हवी आहे, त्याच वस्तूच्या दोन टोकांना मल्टिमीटरच्या दोन पिना लावून व्होल्टेज घ्यावे, आणि त्याच वस्तूतून जाणारा करंट त्याच वेळी मोजावा. ‘त्याच वस्तूच्या’ आणि ‘त्याच वेळी’ या दोन अटींपैकी एक जरी सुटली तरी भागाकार बरोबर करूनही उत्तर निरर्थक निघते. बोर्डावरचे व्होल्टेज सकाळी घेतले, करंट संध्याकाळी विहिरीवर मोजला आणि दोन्ही एकाच सूत्रात घातले, असे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

करंटसाठी घरगुती सप्लायवर मल्टिमीटर न वापरता क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती जबडा बसवून करंट मोजणारा मीटर, वापरावा. मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून चुकून सॉकेटमध्ये घातला तर तो स्वतःच शॉर्टसर्किट होतो, कारण अँपिअरवर असताना त्याचा अंतर्गत रेझिस्टन्स जवळजवळ शून्य असतो. स्वस्त मीटर अशा वेळी हातातच फुटतात. क्लॅम्प मीटरचा जबडा मात्र एकाच तारेभोवती बसवावा लागतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतल्या तर दोन्हींतले करंट उलट दिशांचे असल्यामुळे एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो. यासाठी एक छोटी एक्स्टेंशन करून ठेवावी, जिच्यात बाहेरचे आवरण वीतभर सोलून आतल्या तारा वेगळ्या काढलेल्या असतील आणि प्रत्येक तारेचे स्वतःचे इन्सुलेशन मात्र शाबूत असेल. करंट फार कमी असेल, उदाहरणार्थ एखाद्या पंख्याचा, तर त्या तारेचे पाच वेढे जबड्यातून घ्यावेत आणि आलेल्या आकड्याला ५ ने भागावे.

ओहमची रेंज फक्त सप्लायपासून पूर्ण सुटलेल्या वस्तूवर वापरावी. चालू सर्किटवर ओहम मोजायला जाणे म्हणजे मीटर जाळणे.

सुरक्षेबद्दल एक हिशेब येथेच करून घेऊ, कारण तो आपल्याच सूत्राचा आहे. पावसात भिजलेल्या, अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रेझिस्टन्स ढोबळपणे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर करंट जाईल. घरात बसवायची आरसीसीबी ०.०३ अँपिअर, म्हणजे ३० मिलिअँपिअर गळती झाली की सप्लाय तोडते; साधा १६ अँपिअरचा एमसीबी ०.२३ अँपिअरला हलतही नाही. ज्या घरात आरसीसीबी नाही, तिथे चालू सप्लायवरील मोजणी स्वतः करू नये, परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत विहिरीकडची, अंगणातली, पडवीतली मोजणी तर मुळीच करू नये.

पहिला सराव: इस्त्री

सुरुवात इस्त्रीपासून करावी, कारण तिच्यात मोटर नसते आणि तिची कॉइल तापली तरी रेझिस्टन्स थोडासाच बदलतो. समजा पट्टीवर २३० व्होल्ट, १००० वॉट असे लिहिले आहे. इस्त्रीला थर्मोस्टॅट असतो, तो ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करतो, म्हणून इस्त्रीवरचा दिवा पेटलेला असतानाच आकडे घ्यावेत. मीटरवर २२२ व्होल्ट आणि ४.२ अँपिअर आले, तर

रेझिस्टन्स = २२२ ÷ ४.२ = ५२.९ ओहम
पॉवर = २२२ × ४.२ = ९३२ वॉट

आता पट्टीवरून पडताळा घ्यावा: २३० × २३० ÷ १००० म्हणजेही ५२.९ ओहम. इस्त्री निर्दोष आहे. वॉट कमी भरले ते केवळ व्होल्टेज कमी होते म्हणून. व्होल्टेज साडेतीन टक्क्यांनी घटले, पॉवर मात्र सुमारे सात टक्क्यांनी घटली, कारण सूत्रात व्होल्टेज दोनदा येते. तीच इस्त्री २०० व्होल्टवर चालवली तर २०० × २०० ÷ ५२.९, म्हणजे ७५६ वॉट उरतात. म्हणून कोणत्याही उपकरणाच्या पट्टीवरचे वॉट हा त्याचा कायमचा गुण मानू नये. तो २३० व्होल्टला केलेला करार आहे. कायम राहतो तो, निदान इस्त्रीच्या बाबतीत, रेझिस्टन्स.

जुना पिवळा बल्ब मात्र हेही पाळत नाही. ६० वॉटचा बल्ब पेटलेला असताना ०.२६ अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रेझिस्टन्स सुमारे ८८० ओहम होतो. तोच बल्ब काढून, थंड झाल्यावर, ओहमच्या रेंजवर मोजला तर साठ-सत्तर ओहम भरतात. टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्या वर तापते आणि तापल्यावर तिचा रेझिस्टन्स दहा-पंधरापट होतो. बटण दाबताक्षणी ती थंड असल्याने करंटचा मोठा झटका बसतो. असे बल्ब बहुधा लावतानाच जातात ते याच कारणाने. चालू वस्तूचा रेझिस्टन्स हवा असेल तर ती चालू असतानाच व्होल्टेज आणि करंट मोजून काढावा. थंड वस्तूवरचा ओहमचा आकडा हा वेगळ्या अवस्थेचा आकडा असतो.

गीझर आणि बिल

व्होल्टेज कमी असले की बिल कमी येते, हा समज आमच्या वाड्यावर पक्का आहे. १५ लिटरचा, २००० वॉटचा गीझर घेऊ. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला ४१८६ जूल लागतात, म्हणून २७ अंशांचे पाणी ६२ अंशांवर नेण्यासाठी लागणारी ऊर्जा १५ × ३५ × ४१८६, म्हणजे जवळपास २२ लाख जूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल, तेव्हा हे झाले ०.६१ युनिट. २३० व्होल्टवर पाणी तापायला सुमारे १८ मिनिटे लागतील. गीझरचा रेझिस्टन्स २३० × २३० ÷ २००० = २६.४५ ओहम, २०० व्होल्टवर तो १५१२ वॉटच देईल आणि त्याच पाण्याला २४ मिनिटे घेईल. युनिटे तीच राहतात, सहा मिनिटांत टाकीतून बाहेर गेलेली थोडी उष्णता असेल तेवढी वाढच होते.

गीझरपेक्षा त्याचा प्लग अधिक लक्ष देण्याजोगा असतो. बार्देश, तिसवाडी, सालसेत अशा किनारपट्टीच्या भागांत खाऱ्या, दमट हवेने सॉकेटमधील पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो आणि त्यांची पकड सैल होते. २००० वॉटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. संपर्काचा रेझिस्टन्स केवळ ०.२ ओहम झाला तरी त्या जागी ८.७ × ८.७ × ०.२ = १५ वॉट उष्णता निर्माण होते. व्होल्टेजमधली घट पावणेदोन व्होल्टच असते, म्हणून गीझर आपले काम बिनबोभाट करत राहतो आणि कोणाला संशय येत नाही. पण सोल्डरिंगची छोटी इस्त्री साधारण एवढ्याच किंवा थोड्या अधिक वॉटची असते, हे ध्यानात घेतले तर प्लगचे प्लास्टिक तपकिरी का होते ते कळते. गीझर बंद केल्यावर, स्विचही बंद करून, प्लग काढावा आणि पिनांना लगेच हात न लावता त्यांच्या बुडाशी प्लास्टिकचा रंग पाहावा. रंग बदललेला असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावेत. एकच बदलला तर जुना नव्यालाही खराब करतो.

चवथीची रोषणाई: कोणते व्होल्टेज?

मखराला एलईडी लावणाऱ्या मुलांना हे गणित बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर निर्धास्तपणे करता येते. लाल एलईडी पेटलेली असताना साधारण २ व्होल्ट घेते. अशा तीन एका ओळीत जोडल्या आणि १५ मिलिअँपिअर करंट हवा असला, तर किती ओहमचा रेझिस्टर लागेल? बहुतेक मुले १२ ÷ ०.०१५ = ८०० ओहम असे उत्तर काढतात आणि मग दिवे मिणमिणतात. १२ व्होल्ट हे अडॅप्टरचे व्होल्टेज आहे, रेझिस्टरचे नव्हे. तीन एलईडींनी ६ व्होल्ट घेतल्यावर रेझिस्टरच्या वाट्याला ६ व्होल्ट उरतात, म्हणून ६ ÷ ०.०१५ = ४०० ओहम. बाजारात ३९० ओहमचा मिळतो, तो चालेल. त्याच्यात ६ × ०.०१५ = ०.०९ वॉट उष्णता होईल, तेव्हा पाव वॉटचा रेझिस्टर पुरेसा आहे.

कमी व्होल्टेज म्हणजे कमी धोका असे मात्र सरसकट समजू नये. पावसाळ्यात लाइट गेली की घरोघरी चालणारा इन्व्हर्टर ४०० वॉटचा लोड देताना, त्याची स्वतःची घट धरून, १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळपास ३९ अँपिअर ओढतो. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी भुकटी साचून तिथे फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स आला तरी ३९ × ३९ × ०.०१ = १५ वॉट, म्हणजे गीझरच्या त्या खराब प्लगएवढीच उष्णता होते. इन्व्हर्टरच्या तारा अंगठ्याएवढ्या जाड का असतात, याचे उत्तर या एका गुणाकारात आहे.

मोटरचे वॉट: गुणाकार पुरेसा नाही

पंप, फ्रिज, एसी, पंखा यांच्या बाबतीत व्होल्टेज × करंट हा गुणाकार खऱ्या पॉवरपेक्षा जास्त येतो. मोटरमधील करंट व्होल्टेजच्या मागे पडतो आणि त्यातला काही भाग काम न करता नुसता ये-जा करतो. खरी पॉवर आणि हा गुणाकार यांच्या गुणोत्तराला पॉवर फॅक्टर म्हणतात. त्याचप्रमाणे, चालू मोटरचे व्होल्टेज भागिले करंट केल्यावर जे ओहम येतात ते वाइंडिंगच्या तारेचा रेझिस्टन्स नसतात. बंद मोटरवर ओहम मोजले तर फारच कमी भरतात, आणि म्हणून कोणी मोटर जळाली असे समजू नये.

खरी पॉवर काढायला वेगळे यंत्र आणण्याची गरज नाही, ते घराबाहेर भिंतीवर लावलेलेच आहे. युनिट मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुकी ते मीटरवर छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून फक्त पंप चालू ठेवला आणि १० लुकलुकींना ९ सेकंद लागले, तर १० ÷ ३२०० युनिट म्हणजे ११,२५० जूल, आणि ११,२५० ÷ ९ = १२५० वॉट. मोजायला सुरुवात करताना पहिल्या लुकलुकीला ‘शून्य’ म्हणावे, ‘एक’ म्हणू नये. त्याच वेळी क्लॅम्पवर ७ अँपिअर आणि बोर्डावर २२० व्होल्ट असतील, तर गुणाकार १५४० येतो आणि पॉवर फॅक्टर १२५० ÷ १५४० = ०.८१ ठरतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. तेवढे काम देण्यासाठी पंप १२५० वॉट घेत असेल तर त्याची कार्यक्षमता साठ टक्के झाली. छोट्या सिंगल फेज पंपासाठी हे वाईट नाही.

लांब वायर: घरापासून विहिरीपर्यंत

आता कुळागराकडे वळू. मेन बोर्डापासून विहिरीपर्यंत वायरची लांबी १२० मीटर आणि जाडी २.५ चौरस मिलिमीटर, तार तांब्याची. तांब्याच्या एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाड तारेचा रेझिस्टन्स २० अंशांना ०.०१७२ ओहम असतो. करंट फेजने जातो आणि न्यूट्रलने परत येतो, म्हणून लांबी दुप्पट, २४० मीटर, धरावी लागते. ही दुप्पट विसरणे ही या हिशेबातली सर्वांत सामान्य चूक आहे.

वायरचा रेझिस्टन्स = ०.०१७२ × २४० ÷ २.५ = १.६५ ओहम

उन्हात तापलेल्या तारेत तो वाढतो: दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, म्हणजे ४५ अंशांना दहा टक्क्यांच्या आसपास. पंप चालताना ७ अँपिअर जात असतील तर वायरमध्ये ७ × ७ × १.६५ = ८१ वॉट वाया जातात. पण खरा प्रश्न सुरू होतानाचा असतो. थांबलेली मोटर पहिल्या क्षणी चालू करंटच्या चार-सहापट करंट मागते. ३० अँपिअर धरले तर या वायरमध्ये ५० व्होल्टपर्यंत घट होऊ शकते. बोर्डावर २१८ असताना मोटरला १७० च्या आसपास मिळतात, आणि तेवढ्यावर चांगली मोटर कशीबशी उठते. वायर १.५ चौरस मिलिमीटरची असती तर रेझिस्टन्स २.७५ ओहम आणि घट ८० व्होल्टच्या वर गेली असती. ४ चौरस मिलिमीटरची घेतली तर १.०३ ओहम आणि ३० व्होल्ट. वायर विकत घेताना दुकानात ‘पंपाला अडीचची चालते’ असे सांगतात, ते पंप घराजवळ असेल तर खरे आहे. अंतर विचारल्याशिवाय दिलेले हे उत्तर ग्राह्य मानू नये.

कागदावर १.६५ ओहम आले. प्रत्यक्षात किती आहेत, ते मोजायचे होते. त्यासाठी पंप उपयोगाचा नव्हता: तो सुरूच होत नव्हता, आणि झाला असता तरी मोटरचा करंट व्होल्टेजच्या मागे पडत असल्याने दोन टोकांच्या व्होल्टेजची साधी वजाबाकी वायरमधील घट कमी दाखवते. म्हणून पंपाची जोडणी सोडवून त्या जागी २००० वॉटची कॉइलची शेगडी लावली. शेगडी म्हणजे निव्वळ रेझिस्टन्स, तिथे वजाबाकी सरळ लागू होते.

दोन मीटर वापरले असते तर त्यांच्यातला फरकच दोन-तीन व्होल्टांचा निघाला असता, आणि मोठ्या आकड्यांमधून छोटा फरक काढताना तेवढी चूक सगळा हिशेब बिघडवते. म्हणून एकच मीटर घेऊन आधी बोर्डावर, मग विहिरीवर, आणि परत बोर्डावर मोजले. बोर्डावरचे दोन्ही आकडे २१८ आले, याचा अर्थ मधल्या वेळात सप्लाय हलला नव्हता. ते वेगळे आले असते तर सगळी फेरी पुन्हा करावी लागली असती. विहिरीवर १९७ व्होल्ट आणि ७.४ अँपिअर मिळाले.

वाटेतील घट = २१८ − १९७ = २१ व्होल्ट
वाटेचा रेझिस्टन्स = २१ ÷ ७.४ = २.८४ ओहम

हिशेबाने १.६५ हवे होते. १.१९ ओहम जास्तीचे कुठून तरी आले होते, आणि सबंध वायर सारखीच असल्यामुळे ते एखाद्या जॉइंटमध्येच असणार होते. विहिरीवर पोहोचल्यावर २१८ व्होल्ट दिसतात की नाही, हे आधी अनेकांनी तपासले होते आणि दिसतही होते, पण ते सर्व पंप बंद असताना. करंट नसेल तर कितीही खराब जॉइंटमध्ये घट शून्य असते. शून्याला कितीही ओहमने गुणले तरी शून्यच.

बोर्डापासून सत्तरेक मीटरवर, मागच्या पावसाळ्यात झावळ पडून तुटलेली वायर पिळून जोडलेली होती आणि वर काळी टेप गुंडाळलेली होती. मेन बंद करून टेप सोडवली, फेजच्या जॉइंटच्या अलीकडे आणि पलीकडे मीटरच्या क्लिपा लावल्या, सर्वजण बाजूला झाले आणि मग मेन चालू करून शेगडी पेटवली. एकाच तारेवर, वीतभर अंतरावर, मीटरने ८.८ व्होल्ट दाखवले. ८.८ ÷ ७.४ = १.१९ ओहम. वजाबाकीने काढलेला आकडा आता थेट समोर होता, आणि त्या क्षणी त्या पेराएवढ्या जागेत ८.८ × ७.४ = ६५ वॉट उष्णता होत होती. मेन पुन्हा बंद करून पाहिले तर तांबे हिरवे पडून ठिसूळ झाले होते. पिळलेल्या अनेक तारांपैकी तीन-चारच एकमेकींना टेकून होत्या. मोटर सुरू होताना ३० अँपिअर मागे तेव्हा या एकट्या जॉइंटमध्ये ३५ व्होल्ट अडकत असणार.

दोन्ही बाजूंची खराब तार चांगले लाल तांबे लागेपर्यंत कापली, दोन्ही टोके तांब्याच्या फेरूलमध्ये (छोट्या नळीत) दाबून बसवली, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आकसणारी नळी) चढवली आणि जॉइंट जमिनीपासून उंच, पाणी न साचणाऱ्या जागी बांधला. न्यूट्रलचा जॉइंट मोजणीत ठीक निघाला होता, तरी तोही त्याच रीतीने नवा केला. मग शेगडी लावून पुन्हा तीच फेरी केली: बोर्डावर २१८, विहिरीवर २०५, करंट ७.८ अँपिअर. १३ ÷ ७.८ म्हणजे १.६७ ओहम. शेगडी काढून पंप जोडला आणि बटण दाबले, तेव्हा संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. पाटाला पाणी लागायला पाच मिनिटे लागली.